स्टड, टर्फ की स्नीकर: कोल्हापुरात बूट घ्यायचा कसा आणि टिकवायचा कसा

मातीच्या आखाड्यात पैलवान अनवाणी उतरतो. मॅटवर जाताना तोच पैलवान पातळ तळाचे, घोट्याच्या वर बांधायचे बूट घालतो. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव मातीत तयार झाले, मॅटची सवय नसताना १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. पायाखाली काय आहे त्यावर खेळ ठरतो, हे या शहराला कुस्तीनं कधीच शिकवलंय.

फुटबॉलचा बूट घेताना मात्र हेच गणित सुटतं. रात्री जागून युरोपातला सामना बघायचा आणि लाडक्या खेळाडूच्या पायातला रंग दुसऱ्या दिवशी राजारामपुरीत नाहीतर महाद्वार रोडला शोधायचा, हा नाद आपल्याकडे पेठेपेठेत आहे आणि तो असायलाच हवा. बूट बघत बघत खेळ बघण्यात वेगळीच मजा असते. पण तो बूट सामन्याआधी पाणी मारून ओली केलेली मऊ हिरवळ डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो. एप्रिलमधलं गांधी मैदान ही अगदी दुसरी जमीन आहे. म्हणून रंग शेवटी बघायचा. आधी पाय, मग जमीन, मग बूट.

पाय मोजा, नंबर विसरा

पाय संध्याकाळी मोजायचा. दिवसभराच्या उभं राहण्यानं तो थोडा फुगतो आणि खेळताना तेवढाच फुगलेला असतो. खेळताना जे मोजे घालता तेच घाला. फरशीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभे राहा. पेन्सिल अगदी उभी धरून दुसऱ्या कुणाला तरी पायाची कड आखायला सांगा. स्वतः वाकून आखलं की वजन पुढं जातं आणि माप चुकतं. सगळ्यांत पुढं आलेलं बोट कोणतं ते बघा. कुणाचा अंगठा असतो, कुणाचं शेजारचं बोट. दोन्ही पाय मोजा आणि जो मोठा भरेल तो धरा.

आता दुकानात. बुटातला सुकतळा, म्हणजे पायाखालचा आतला पातळ थर, निघत असेल तर बाहेर काढा आणि पट्टीनं मोजा. रोजच्या स्नीकरचा सुकतळा पायापेक्षा १० ते १२ मिलिमीटरनं लांब हवा, फुटबॉलच्या बुटाचा ५ ते ८ मिलिमीटरनं. म्हणजे पाय २६ सेंटिमीटर भरला तर स्नीकरचा सुकतळा २७ ते २७.२ आणि फुटबॉल बुटाचा २६.५ ते २६.८ सेंटिमीटर. सुकतळा चिकटवलेला असेल तर बूट घालून, लेस बांधून, उभं राहून पुढची मोकळी जागा अंगठ्यानं दाबून बघा. बसून बघू नका, कारण उभं राहिल्यावर पाय लांबतो.

रुंदीसाठी तोच सुकतळा कागदावरच्या आकृतीवर ठेवा. चवड्याच्या भागात आकृती दोन्ही बाजूंनी ३-४ मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर डोकावत असेल तर तो बूट कितीही देखणा असला तरी सोडा. ज्यांचं बरंचसं आयुष्य चपलेत गेलंय त्यांचा चवडा बहुतेकदा पसरट असतो. युरोपातल्या अरुंद साच्यावरचा बूट अशा पायाच्या करंगळीला हमखास चावतो. "वापरून सैल होईल" असं दुकानदार म्हणेल. कातड्याचा बूट खरंच थोडा सैलावतो, सिंथेटिकचा जवळजवळ नाही.

नंबरावर विसंबायचं नाही, कारण एकाच नंबराची दोन मापं निघतात. नायकीच्या यूके ८ वर २७ सेंटिमीटर छापलेलं असतं, आदिदासच्या यूके ८ वर २६.५. जिभेच्या आतल्या लेबलवर हा आकडा असतो, तो वाचा. यूकेचा एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. वाढत्या पोराला "दोन वर्षं चालतील" म्हणून दोन नंबर मोठे बूट घेतले की पुढं १७ मिलिमीटर जादा पोकळी राहते. धावताना पाय आत पुढंमागं सरकतो, टाच सोलते आणि पोरगं बोटं आवळून पळायला शिकतं. ती सवय पुढं मोडत नाही. पोराला १० ते १२ मिलिमीटर जागा ठेवून घ्या आणि दर तीन महिन्यांनी सुकतळा काढून पाय त्यावर ठेवून बघा. बूट एक हंगाम कमी टिकला तर टिकू दे.

खाली काय लावलंय

बूट उलटा करा. निम्मा निर्णय तिथं आहे. डब्यावर किंवा तळावर दोन अक्षरं असतात.

एसजी म्हणजे मऊ, ओल्या जमिनीसाठी. यात मोजके, लांब, बहुधा धातूचे आणि स्क्रूनं बसणारे स्टड, म्हणजे तळाखालचे खुंट, असतात. १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बर्नला पाऊस होता. पश्चिम जर्मनीच्या खेळाडूंनी आदिदासचे संस्थापक आदी डासलर यांच्या बुटांना जास्त लांबीचे स्क्रूचे स्टड लावले आणि ०-२ अशा पिछाडीवरून हंगेरीला ३-२ नं हरवलं. ही गोष्ट ऐकून अनेकांना धातूचे स्टड हवे वाटतात. पण त्या दिवशी बर्नला चिखल होता, म्हणून ते चालले. आपल्या टणक मैदानावर स्टड जमिनीत शिरतच नाही. सगळं वजन पाच-सहा ठिपक्यांवर येतं, अर्ध्या तासात चवड्याखाली जळजळ सुरू होते आणि वळताना बूट घसरतो.

एफजी हा नेहमीचा प्रकार, साच्यातच ओतलेले प्लॅस्टिकचे स्टड. शाहू स्टेडियमसारख्या गवताच्या मैदानाला हा योग्य. यात गोल, शंकूसारखे स्टड आणि पात्यासारखे लांबट स्टड असे दोन प्रकार मिळतात. पातं सरळ पळताना चांगली पकड देतं, पण पाय रोवून झटकन वळलं की ते जमिनीत अडकतं. पाय तिथंच राहतो, गुडघा फिरतो. गोल स्टड वळताना सुटतो. गवत दाट नसेल तर गोलच घ्या.

टीएफ म्हणजे तळभर रबराची बारीक, आखूड बोंडं. सरावाला येणाऱ्या दहापैकी आठ जणांना कोल्हापुरात हाच बूट लागतो असं आमचं ठाम मत आहे. गांधी मैदान, शाळा-कॉलेजांची टणक मैदानं, तासावर मिळणारी कृत्रिम गवताची टर्फ, या सगळ्यांवर तो चालतो. वजन अनेक बोंडांवर वाटलं जातं म्हणून टाच आणि चवडा दोन्ही शाबूत राहतात. टर्फवर एफजी घालून गेलात तर बऱ्याच ठिकाणी गेटवरच अडवतात आणि ते बरोबरही आहे. लांब स्टड गालिचात अडकतो, गालिचा फाटतो आणि कधी गुडघाही दुखावतो. फक्त टर्फवरच खेळणाऱ्यांना एजी हा मधला प्रकार चांगला. त्याचे स्टड आखूड आणि संख्येनं जास्त असतात.

आयसी म्हणजे सपाट रबर, लाकडी हॉलसाठी. मैदानात नको.

एकच जोड घेण्याची ऐपत असेल तर टीएफ. दोन घेता येत असतील तर सरावाला टीएफ आणि सामन्याला गोल स्टडचा एफजी. एफजी टणक जमिनीवर रोज घासला तर स्टड निम्मे झिजायला एक हंगामही लागत नाही. आणि झीज सारखी होत नाही, आधी चवड्याच्या बाहेरच्या कडेला होते. मग पाय तिरका पडतो, दुखतो घोटा, आणि दोष बिचाऱ्या घोट्याला लागतो.

दुकानात तीन गोष्टी हातानं करून बघा. बुटाचं टोक आणि टाच धरून वाकवा. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, जिथं पायाची बोटं वाकतात. मधोमध वाकत असेल तर तळवा दुखणार. टाचेची मागची कड दोन बोटांनी दाबा. ती सहज चेपली तर टाच धरून ठेवायची ताकद त्यात नाही. मग पीळ द्या. थोडा पीळ बसावा, फडक्यासारखा पिळला जाऊ नये.

स्नीकर कशासाठी, कुठं

स्नीकर जन्माला आला तो खेळासाठीच. कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ चा, बास्केटबॉलसाठी बनवलेला. १९८५ ला आलेल्या नायकीच्या एअर जॉर्डननं बास्केटबॉलचा बूट रस्त्यावर आणला आणि तिथून तो बुधवार पेठेपर्यंत पोचला. पण हे बूट लाकडी कोर्टासाठी बनवलेले. त्यांच्या तळाचं मऊ रबर लाकडाला चिकटतं, सिमेंटवर मात्र खोडरबरासारखं झिजतं. काँक्रीटच्या कोर्टावर बास्केटबॉल खेळणार असाल तर खोल खाचांचं, जाड आणि कडक रबर बघून घ्या. नखानं दाबल्यावर सहज खूण उमटली तर ते रबर बाहेरच्या खेळाचं नाही.

रनिंगचे शूज सरळ पळण्यासाठी असतात. टाच उंच, तळातला फेस (फोम) मऊ, बाजूचा आधार कमी. रंकाळ्याच्या कडेनं पळायला उत्तम. त्यांवर फुटबॉल किंवा बॅडमिंटन खेळलं की आडवं सरकताना पाय फेसावरून कलंडतो आणि घोटा मुरगळतो. जिममध्ये बैठका मारताना आणि जड वजन उचलताना हाच मऊ फेस डगमगतो. तिथं सपाट, पातळ तळाचा साधा कॅनव्हासचा बूट जास्त भरवशाचा.

"फर्स्ट कॉपी", म्हणजे नामांकित बुटाची नक्कल, हिच्याबद्दल स्पष्टच बोललेलं बरं. दिसायला हुबेहूब, पण आतला फेस कडक, टाचेत आधाराची पट्टी नाही आणि तळ फक्त कडेकडेनं सोल्युशननं चिकटवलेला. जोरात वळलं की तळ पुढून उघडतो. ओळखायचं कसं? जिभेच्या लेबलवरचा मॉडेलचा कोड डब्यावरच्या कोडशी जुळतो का बघा. सुकतळा उचलून खालची शिलाई बघा, ती सरळ आणि एकसारखी हवी. नाकाला झोंबणारा सोल्युशनचा वास आला तर संशय घ्या. तेवढ्याच पैशात निवियासारख्या, स्वतःच्या नावानं विकणाऱ्या भारतीय कंपनीचा बूट येतो. खेळायला तो घ्या. उसन्या नावापेक्षा तो कितीतरी पटीनं चांगला.

बांधणी

चांगला बूट वाईट बांधला की वाया जातो. टाच वर-खाली होत असेल तर बूट बदलण्याआधी ही बांधणी करून बघा.

बहुतेक स्नीकर आणि रनिंग शूजला घोट्याजवळ, किंचित मागं, एक जादा भोक असतं आणि ते रिकामंच राहतं. नेहमीप्रमाणे शेवटून दुसऱ्या भोकापर्यंत लेस ओवा. आता लेस आडवी न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका. करंगळी जाईल एवढा फास सोडा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग डावं टोक उजव्या फासातून आणि उजवं टोक डाव्या फासातून काढा. टाच बुटात मागं ठोकून बसवा, टोकं आधी खाली आणि मग बाजूला ओढा, नेहमीची गाठ मारा. फास घोट्याभोवती आवळतो आणि टाच जागेवर बसते.

पायाचा वरचा भाग उंच असेल आणि बोटांना मुंग्या येत असतील तर जिथं दाब पडतो त्या एका जोडीपुरती लेस आडवी न नेता सरळ वर न्या. लेस पायाखालून गुंडाळून बांधायची जुनी सवय सोडा. ती स्टडखाली घासून तुटते आणि तळव्याला दाबते.

पाय काय सांगतो ते ऐका. अंगठ्याचं नख काळं पडत असेल तर बूट आखूड आहे, नाहीतर पाय पुढं सरकतोय, म्हणजे बांधणी सैल आहे किंवा बूट लांब. टाचेला मागं फोड आला तर टाच सुटतेय. करंगळीला बाहेरून घट्टा पडला तर बूट अरुंद. चवड्याखाली ठरावीक ठिपक्यांवर दुखत असेल तर स्टड जमिनीला जुळत नाही. सुकतळा बदलून यातलं फक्त शेवटचं थोडं कमी होतं, बाकीच्यांना इलाज बूट किंवा बांधणी हाच.

नवा बूट थेट पेठेच्या सामन्याला घालू नका. आधी घरात मोजे घालून रोज २०-३० मिनिटं, असं चार दिवस. मग दोन हलके सराव. गरम पाण्यात बूट बुडवून पायाचा आकार द्यायचा सल्ला मैदानावर हमखास मिळतो, तो ऐकू नका. गरम पाण्यानं चिकटवण मऊ होते आणि तळ आतून सुटायला लागतो. टाच चावण्याची भीती असेल तर तिथं व्हॅसलीन लावा आणि एका जाडऐवजी दोन पातळ मोजे घाला. मोज्यावर मोजा घासतो, कातडी वाचते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा कोल्हापुरात बुटांचा खरा कसोटीचा काळ. खेळून जेवढे बूट फाटतात, त्याहून जास्त चुकीचे वाळवून फाटतात.

चिखलाचा बूट घरी आणल्यावर लगेच नळाखाली धरू नका. जाड चिखल काडीनं काढा, उरलेला थोडा सुकू द्या आणि ब्रशनं झाडा. एकावर एक बूट आपटायचे असतील तर तळावर तळ आपटा, टोकं आपटली की पुढची चिकटवण सुटते. मग एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा घाला. मऊ टूथब्रश त्यात बुडवून, झटकून, फेसानं घासा. साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं दोनदा पुसून घ्या. साबण आत राहिला तर पांढरा बूट वाळल्यावर पिवळा पडतो. ब्लीचनंही पिवळा पडतो. लेस आणि सुकतळा वेगळे धुवा. वॉशिंग मशीनमध्ये बूट घालायचा नाही.

स्वेडच्या, म्हणजे मऊ लव असलेल्या कातड्याच्या, स्नीकरला पाणी नकोच. कोरड्या ब्रशनं एकाच दिशेनं झाडा आणि डागावर पांढरं खोडरबर घासा.

वाळवायला जुने पेपर. चुरगाळून, टोकापर्यंत ठासून भरा. पहिला भरलेला पेपर तासाभरात ओला होतो, तो काढून दुसरा भरा. रात्रभर पंख्याखाली, बूट आडवा किंवा भिंतीला तिरका टेकवून ठेवा. कडक ऊन, गॅसची शेगडी, गाडीचा तापलेला सायलेन्सर, हेअर ड्रायर यांपैकी काहीही नको. पूर्ण वाळायला २४ ते ४८ तास लागतात. म्हणून पावसाळ्यात रोज सराव करणाऱ्यांनी जुने का होईना, दोन जोड आलटूनपालटून घालावेत.

वास येत असेल तर सुकतळा काढून प्रत्येक बुटात दोन छोटे चमचे खायचा सोडा टाका आणि सकाळी झटका. कातड्याच्या बुटाला सोडा नको, तो कातडं कोरडं पाडतो. सिंथेटिक बुटाला बुरशी दिसली तर निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी अशा मिश्रणानं पुसा आणि पुन्हा वाळवा. कातड्याच्या बुटाला पूर्ण वाळल्यावर लेदर क्रीमचा अगदी पातळ हात द्या. पायाच्या बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात आणि स्वच्छ बूटही त्रास देतो.

डब्यातला बूट आणि उघडलेला तळ

आवडीचा स्नीकर डब्यात जपून ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. काही बुटांच्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा असतो, एअर जॉर्डन ३ आणि ४ हे त्यातले. हा थर हवेतला ओलावा शोषून हळूहळू आतून तुटतो. बूट न वापरता पाच-दहा वर्षं ठेवला आणि एक दिवस हौसेनं घातला की तळाचा भुगा होतो. आपल्या दमट पावसाळ्यात ही क्रिया वेगानं होते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, डबा प्लॅस्टिकनं हवाबंद करू नका आणि महिन्यातून दोनदा तरी बूट घालून फिरा. चालताना दाब पडला की थरातला ओलावा बाहेर पडायला मदत होते. घातलेला बूट जास्त जगतो, हे स्नीकरप्रेमींना पटायला जड जातं.

तळ पुढून उघडला तर झटपट चिकटणारा गोंद टाकू नका. तो वाळून काचेसारखा कडक होतो, पहिल्याच वाकण्यात तडकतो आणि नंतर दुसरं काही धरत नाही. रबराचं सोल्युशन आणा. जुनी चिकटवण खरवडा, दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरबरीत करा आणि धूळ पुसा. दोन्हीकडे पातळ थर लावून थांबा. बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे साधारण १० ते १५ मिनिटं. इथंच सगळे घाई करतात. ओलं असतानाच चिकटवलं तर आतलं द्रावण अडकून पडतं आणि जोड मऊ राहतो. मग एकदाच नीट जुळवून जोरात दाबा, जुन्या लेसनं आवळून बांधा आणि २४ तास हात लावू नका.

स्नीकरला त्यावर नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई मारून घेतली तर तो आणखी काही हंगाम सहज काढतो. चपलेला चामड्याच्या वादीचे टाके घालणारे हात या शहरात आहेत, त्यांना बुटाची शिलाई अवघड नाही. फक्त दोरा तळाच्या खाचेत बसवायला सांगा. वर राहिला तर चालून घासतो आणि सुटतो. फुटबॉल बुटाच्या कडक प्लॅस्टिकच्या तळाला मात्र शिवू देऊ नका. आरीच्या भोकापासून तळ चिरत जातो.

सामन्याच्या आदल्या रात्री बूट उलटे करून प्रत्येक स्टड बोटानं हलवून बघा, स्क्रूचे असतील तर चावीनं आवळा. लेसला कुठं केस निघालेत का तेही बघा. पिशवीत एक जादा लेस असू द्या. सहा जोड भोकांना साधारण १२० सेंटिमीटरची लागते.